२३.६ किलोपास्कल: कडक निघालेल्या लिव्हरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पेशंट ५४ वर्षांचे गृहस्थ. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मधुमेह दहा वर्षांचा, वजन जास्त, रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू, दारू कधीच नाही. चार-पाच महिन्यांपासून थकवा आणि पोट सतत भरल्यासारखं वाटणं एवढ्याच तक्रारी घेऊन ते त्यांच्या फिजिशियनकडे गेले. रक्ताच्या तपासण्या झाल्या: एएसटी ५२, एएलटी ४४, जीजीटी १४८, बिलिरुबिन २.१, अल्ब्युमिन ३.९, प्लेटलेट २ लाख ४६ हजार.

वय, एएसटी आणि एएलटी ही लिव्हरची दोन एन्झाइम्स आणि प्लेटलेट एवढ्यावरून फिब-४ नावाचा निर्देशांक काढतात. १.३ च्या खाली असेल तर लिव्हरमध्ये मोठा फायब्रोसिस, म्हणजे व्रणासारखे घट्ट तंतू, असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर जास्त. यांचा आला १.७२, म्हणजे अधांतरी. अशा वेळी पुढची पायरी म्हणून लिव्हरचं काठिण्य मोजायला पाठवतात आणि ते बरोबरच आहे. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'फॅटी लिव्हर, फायब्रोसिसची स्टेज'.

संध्याकाळी पायांवर सूज येते, हे चिठ्ठीवर नव्हतं. सूज अॅम्लोडिपिनच्या नावावर खपून गेली होती. त्या गोळीने घोट्यांवर सूज येते हे खरंच आहे, त्यामुळे कुणाला दोष देणं अवघड. पण पुढचं सगळं रामायण त्या एका न लिहिलेल्या ओळीतून सुरू झालं.

यंत्र नेमकं काय मोजतं

डॉक्टर पोट चाचपून कडक-मऊ ठरवतात. इलॅस्टोग्राफी तेच काम लांबून करते. फायब्रोस्कॅन या यंत्राचा प्रोब दोन बरगड्यांच्या मधल्या जागेवर टेकवतात आणि तो त्वचेवर एक टिचकी मारतो, ५० हर्ट्झची. त्या धक्क्याने लिव्हरमधून एक आडवी थरथर, म्हणजे शीअर वेव्ह, पुढे सरकते आणि अल्ट्रासाउंड तिचा पाठलाग करतो. सोनोग्राफीच्या यंत्रांवर जी शीअर वेव्हची सोय असते तिच्यात बाहेरून टिचकी नसते. ध्वनिकिरणांचाच एक जोरदार ठोका आत दिला जातो.

ऊतक जितकं कडक तितकी ही लाट वेगाने धावते. निरोगी लिव्हरमध्ये सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास, कडक लिव्हरमध्ये अडीच-तीन मीटर. वेगाचा वर्ग करून त्याला तीनने गुणलं की किलोपास्कलमधला आकडा मिळतो: २ मीटरला १२, अडीच मीटरला जवळपास १९. हे गणित ऊतक सगळीकडे सारखं आणि पूर्ण लवचीक आहे असं मानून केलेलं असतं. लिव्हर तसं नसतं, पण काम भागतं.

म्हणजे यंत्र मोजतं लाटेचा वेग. फायब्रोसिस हा शब्द त्यात कुठेच नाही, तो आपण मागून जोडतो. हे मी शिकाऊ डॉक्टरांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे, म्हणूनच पुढचं लिहिताना जरा लाज वाटते.

समस्या

फायब्रोस्कॅन तंत्रज्ञाने केला. दहा मोजण्या, मध्यक २३.६ किलोपास्कल, विखुरणी मध्यकाच्या ११ टक्के. ही विखुरणी ३० टक्क्यांच्या आत असली की मोजणी विश्वासार्ह धरतात, त्यामुळे ११ टक्के म्हणजे फारच छान. चरबीचा आकडा २९१. छापून आलेल्या कागदावर रंगीत पट्टी होती आणि तिच्या लाल टोकाशी बाण.

या तंत्राने लिव्हरचे जुनाट आजार तपासताना १० च्या खाली असेल तर गंभीर आजार जवळपास नाही, १५ च्या वर असेल तर बहुधा आहे असं मानतात. २५ च्या पुढे पोर्टल शिरेचा, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त आणणाऱ्या शिरेचा, दाबही वाढलेला असणार असं गृहीत धरतात. २३.६ म्हटल्यावर कुणाच्याही डोक्यात एकच शब्द येणार. फिजिशियननी तो पेशंटला सांगितलाही: सिरॉसिस वाटतोय. म्हणजे फायब्रोसिसची शेवटची पायरी.

पुढचा बेत बायोप्सीचा होता. त्याआधी तपशीलवार सोनोग्राफी आणि दुसऱ्या तंत्राने खात्री करून घ्यावी म्हणून ते माझ्याकडे आले.

पहिला टप्पा: मला एक चूक सापडली

टेबलावर आडवे झाल्यावर मी सवयीने विचारलं, "शेवटचं कधी खाल्लंत?"

"तासाभरापूर्वी. त्या दिवशीही खाऊनच आलो होतो, कुणी काही बोललं नाही."

खाल्ल्यावर आतड्यांकडून लिव्हरकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि काठिण्याचा आकडा वर सरकतो. म्हणून निदान तीन तास, शक्यतो चार तास, पोट रिकामं हवं. मी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी बोलावलं. मनातून खूश होतो. चूक पकडली होती ना!

दुसऱ्या दिवशी सगळं शास्त्रोक्त केलं. उताणे झोपवून उजवा हात डोक्यामागे, प्रोब बरगड्यांमधून, मोजणीची खिडकी लिव्हरच्या आवरणाखाली दोन सेंटिमीटरवर. मोठा श्वास घेऊ दिला नाही, कारण छाती फुगवून श्वास रोखला की हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताची वाट अडते आणि आकडा फुगतो. सहज चाललेला श्वास मधेच थांबवायला सांगितला. पाच मोजण्या घेतल्या. मध्यक सेकंदाला २.५८ मीटर, म्हणजे २०.० किलोपास्कल. विखुरणी ९ टक्के.

आकडा थोडा कमी आला, पण यंत्रही वेगळं होतं. दोन यंत्रांची फ्रिक्वेन्सी वेगळी, रीत वेगळी, त्यामुळे त्यांचे किलोपास्कल एकमेकांशी जुळतीलच असं नसतं. या प्रकारच्या तंत्रासाठी १३ च्या वर गेलं की गंभीर आजार धरतात. २० तर कुठल्याही हिशेबाने वरच होतं. मी रिपोर्टमध्ये लिहिलं: 'उपाशीपोटी पुन्हा मोजलेलं काठिण्य लक्षणीय वाढलेलं, सिरॉसिसशी सुसंगत.' आणि सही केली.

माझी चूक इथे झाली. जेवणाचा घोळ सापडल्यावर, आता उरलं ते खरं, असं मी धरून चाललो. विखुरणी कमी असली की सगळ्या मोजण्या एकसारख्या आल्या एवढंच कळतं. त्या एकसारख्या का आल्या, हा प्रश्न मी विचारलाच नाही.

दुसरा टप्पा: एक फोन

तीन दिवसांनी बायोप्सी करणाऱ्या पोटविकारतज्ज्ञांचा फोन आला. त्यांचा प्रश्न साधा होता. "प्लेटलेट अडीच लाखांच्या घरात, स्प्लीन ११ सेंटिमीटर, अल्ब्युमिन नॉर्मल. वीस किलोपास्कलच्या सिरॉसिसला हे शोभतं का? हेपॅटिक व्हेन्स कशा होत्या?" सिरॉसिसमध्ये बहुधा प्लेटलेट घटतात, स्प्लीन म्हणजे प्लीहा वाढते, अल्ब्युमिन उतरतं. इथे तिन्ही ठीक होतं.

मी साठवलेल्या प्रतिमा उघडल्या. लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या तीन शिरा, ससाण्याच्या पायाच्या बोटांसारख्या पसरलेल्या, आणि प्रत्येक चांगली सव्वा सेंटिमीटर रुंद. सिरॉसिसमध्ये या शिरा बहुधा चेपलेल्या, वेड्यावाकड्या दिसतात. या तर टरटरून फुगल्या होत्या. लिव्हरची कडही गुळगुळीत होती. माझ्याच रिपोर्टच्या तिसऱ्या ओळीत मी 'हेपॅटिक व्हेन्स ठळक' असं लिहिलं होतं. लिहिलं होतं आणि पुढे गेलो होतो.

पेशंटना परत बोलावलं. या वेळी आधी नुसतं पाहिलं. पाठ उचलून अर्धवट बसवलं, तर मानेतली शीर जबड्यापर्यंत भरलेली. एरवी श्वास आत घेताना ती खाली उतरते, इथे आणखी वर चढत होती. पोटातली महाशीर २.६ सेंटिमीटर रुंद. जोरात नाकाने श्वास ओढायला सांगितला की ती निम्म्याहून जास्त आकसायला हवी. मी तीनदा ओढायला लावला, पडद्यावर ती जवळजवळ हललीच नाही. मग मोजे काढायला सांगितले. इलॅस्टिकच्या खुणा पोटऱ्यांवर खोल उमटल्या होत्या.

सायकलची ट्यूब गच्च भरली की दाबायला कडक लागते, म्हणून आतलं रबर बदललेलं असतं असं नाही. लिव्हरभोवतीचं आवरण फारसं ताणलं जात नाही. बाहेर जाणारी वाट तुंबली की आत दाब चढतो, ऊतक ताठ होतं आणि लाट वेगाने धावते. डुकरांवरच्या एका प्रयोगात लिव्हरबाहेर जाणाऱ्या शिरा आवळल्यावर काठिण्य दाबाच्या प्रमाणात चढतं आणि सोडल्यावर उतरतं, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं आहे. आकडा खोटा नव्हता. लिव्हर खरोखरच कडक होतं. कारण फक्त दुसरीकडे होतं.

कोणते पर्याय होते

फिजिशियन, पोटविकारतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ आणि मी असे बसलो. मतं एक नव्हती.

ठरल्याप्रमाणे बायोप्सी करावी असा एक सूर होता. रक्त तुंबलेल्या लिव्हरमध्ये सुई घातली की रक्तस्रावाचा धोका वाढतो. शिवाय बायोप्सीचा तुकडा म्हणजे अख्ख्या लिव्हरचा साधारण पन्नास हजारावा भाग. तो पाहून तुंबण्याचं मूळ कळणार नव्हतं.

एमआर इलॅस्टोग्राफी करा, असं फिजिशियनचं म्हणणं होतं. ती जास्त अचूक आहे, लिव्हरचा मोठा भाग तपासते आणि वजनदार पेशंटमध्ये कमी वेळा फसते, हे सगळं खरं. पण छातीवर ठेवलेल्या कंपकाने ६० हर्ट्झवर हलवलं काय आणि अल्ट्रासाउंडने ठोकलं काय, तुंबलेलं लिव्हर दोन्हीकडे कडकच निघणार. शिवाय एमआरचे किलोपास्कल वेगळ्या राशीचे असतात, साधारण एकतृतीयांश. तिथे ५ म्हणजेच सिरॉसिसचा पल्ला. पेशंटच्या हातात तिसराच आकडा आला असता, आधीच्या दोघांपेक्षा भलताच लहान, आणि गोंधळ वाढला असता. मी या पर्यायाला ठाम विरोध केला.

तिसरा मार्ग मानेतल्या शिरेतून लिव्हरच्या शिरेत नळी घालून दाब मोजण्याचा. शिरेत नळी अडकवून मोजलेला दाब आणि मोकळ्या शिरेतला दाब यांतला फरक सिरॉसिसमध्ये वाढतो. हृदयाकडून तुंबलं असेल तर दोन्ही दाब चढलेले असतात आणि फरक नेहमीइतकाच राहतो. हा मार्ग मला पटत होता, तो राखून ठेवला.

चौथा मार्ग म्हणजे आधी हृदय तपासा. यालाही अडथळा होताच. वर्षभरापूर्वीच्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ६० टक्के, 'नॉर्मल'. हृदयाचे स्नायू ताणले गेले की रक्तात वाढणारं एनटी-प्रोबीएनपी किंचितच वाढलेलं. हृदयरोगतज्ज्ञांनी सुरुवातीला हे दोन कागद पाहून मान हलवली. मग त्यांनीच पेशंटना विचारलं की छातीचा कधी कुठला आजार झाला होता का. आठ वर्षांपूर्वी फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं आणि टीबीची सहा महिन्यांची औषधं पूर्ण घेतली होती. त्याचा मधुमेहाशी किंवा लिव्हरशी काय संबंध, म्हणून ते आजवर कुणाला बोलले नव्हते.

काय केलं

आधी हृदय, असं ठरलं. इको पुन्हा झाला. या वेळी प्रश्न हातात घेऊन केला. हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा प्रत्येक ठोक्याला झटका खात होता. श्वासागणिक झडपांमधून वाहणाऱ्या रक्ताचा वेग कमी-जास्त होत होता. श्वास सोडताना लिव्हरच्या शिरांमधलं रक्त उलटं फिरत होतं. पंपिंग अजूनही ६० टक्केच होतं, आणि ते खरंही होतं. हृदय आकुंचन जोरात पावत होतं, पण सैल व्हायला जागा नव्हती. सीटीमध्ये हृदयाभोवतीचं आवरण ६ मिलिमीटर जाड निघालं, जे एरवी २ च्या आत असतं, आणि त्यात कॅल्शियमचे पांढरे पट्टे.

निदान झालं: कॉन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस. हृदयाभोवतीचं आवरण घट्ट होऊन कवचासारखं झालं होतं. जुन्या टीबीनंतर वर्षांनी असं होऊ शकतं. या आजारात हृदयाचे स्नायू ताणले जात नाहीत, म्हणून बीएनपी फारसं वाढत नाही. ज्या आकड्याने हृदय निर्दोष ठरत होतं, तो या आजारात मुळात निर्दोषच दिसतो.

बायोप्सी रद्द केली. लघवी वाढवणारी औषधं सुरू झाली. तीन आठवड्यांनी, त्याच यंत्रावर, उपाशीपोटी, मीच मोजलं: २.२१ मीटर, म्हणजे १४.७ किलोपास्कल. फायब्रोसिस तीन आठवड्यांत असा उतरत नाही. त्यानंतर कॅथेटर घालून हृदयातले दाब मोजले, त्यातूनही तेच निघालं. त्याच वेळी लिव्हरच्या शिरेतले दोन्ही दाब घेतले. दोन्ही चढलेले, फरक नॉर्मल. मग आवरण काढण्याची शस्त्रक्रिया झाली.

परिणाम

शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी १.६६ मीटर, म्हणजे ८.३ किलोपास्कल. नऊ महिन्यांनी १.४८, म्हणजे ६.६. पायांची सूज गेली, बिलिरुबिन उतरलं. महाशीर श्वासाबरोबर आकसू लागली.

६.६ म्हणजे अगदी पूर्ण नॉर्मल नव्हे, ती रेषा साधारण ५ ला आहे. उरलेलं काठिण्य कशाचं? बराच काळ तुंबून राहिल्याने थोडा फायब्रोसिस झाला असेल, किंवा फॅटी लिव्हरमुळे. चरबी तर होतीच, २९१ चा आकडा कुठे गेला नाही. बायोप्सी करून वेगळं सांगता आलं असतं, पण उपचार बदलले नसते: वजन, साखर आणि दरवर्षी एक मोजणी. म्हणून केली नाही. फॅटी लिव्हरचं पहिलं निदान चुकीचं नव्हतं. ते अपुरं होतं, आणि पहिलं असल्यामुळे बाकी सगळं झाकून बसलं.

पुन्हा करायचं झालं तर

फायब्रोस्कॅनमध्ये प्रतिमा दिसत नाही. प्रोब कुठे टेकलाय एवढंच कळतं, फुगलेल्या शिरा दिसायची सोयच नाही. तंत्रज्ञाला बोल लावण्यात अर्थ नाही. खाण्याबद्दल विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तरी आकडा वीसच्या आसपासच राहिला असता. माझ्यासमोर मात्र पूर्ण प्रतिमा होती. त्यामुळे जास्त दोष माझा.

आता मी क्रम बदलला आहे. काठिण्याचं बटण दाबण्याआधी हेपॅटिक व्हेन्स आणि महाशीर पाहतो, पित्तनलिका फुगल्या आहेत का पाहतो, कारण पित्त तुंबल्यानेही लिव्हर कडक होतं. मग एएलटीचा आकडा बघतो. तो नॉर्मलच्या पाचपटीवर असेल तर हेपॅटायटिसच्या सुजेनेच आकडा चढलेला असणार, तेव्हा मोजणी पुढे ढकलतो. यात दोन मिनिटं जास्त जातात. गर्दीच्या दिवशी ती जड जातात, हेही खरं.

रिपोर्टमध्ये 'सिरॉसिसशी सुसंगत' लिहिणं मी बंद केलं. सुसंगत तर तो रक्त तुंबण्याशीही होता. आता लिहितो: काठिण्य इतकं, उपाशी होते की नाही, शिरा कशा, इतर तपासण्यांशी मेळ बसतो की नाही. शेवटचा मुद्दा फिजिशियनना सुरुवातीला खटकला. मेळ बसवणं आमचं काम, तुमचं नाही, असं एकाने सुनावलं. त्यांचंही पूर्ण चुकीचं नाही, पण प्लेटलेटचा आकडा माझ्या पडद्यावर दिसत असताना तो न वाचता सही करणं मला आता जमत नाही.

आणखी एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पेशंटना 'सिरॉसिस' हा शब्द पहिल्याच कागदावरून सांगितला गेला. निदान बदलेपर्यंतचे आठवडे त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने त्या शब्दासोबत काढले. कागदावरची लाल पट्टी यंत्र आपोआप छापतं. ती बंद करावी की नाही यावर आमच्यात अजून एकमत नाही. मला वाटतं करावी. बाकीच्यांना वाटतं, पेशंटला कळायला सोपी पडते.

नवव्या महिन्याच्या मोजणीला आले तेव्हा मी "१.४८" म्हटलं. "किलोपास्कलमध्ये सांगा, मला तेच कळतं," असं म्हणून त्यांनी खिशातून पहिला कागद काढला, चारदा घडी घातलेला. ६.६ सांगितल्यावर त्यांनी २३.६ च्या शेजारी तो लिहिला आणि वजाबाकी करायला लागले. मी थांबवलं. ते यंत्र वेगळं, तो आकडा खाऊन आल्यानंतरचा, त्याच्यातून हे वजा करू नका, माझ्या पहिल्या वीसमधून करा. त्यांनी २३.६ खोडलं, वर २० लिहिलं आणि पुन्हा हिशेब मांडला.